प्रथिनाचा पृष्ठभाग संगणकावर काढताना : फवारणीचं औषध जिथे अडकतं त्या दरीपर्यंत

प्रथिनाच्या रचनेची फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. अणूचं नाव, तो कोणत्या अमिनो आम्लातला, कोणत्या साखळीतला आणि त्याच्या जागेचे तीन आकडे, अशा हजारो ओळी दिसतील. पृष्ठभाग नावाची एकही ओळ सापडणार नाही. पडद्यावर जो गुळगुळीत, रंगीत, उंचसखल गोळा दिसतो तो संगणकानं या आकड्यांवरून रचलेला असतो. कसा रचायचा हे एक तर तुम्ही ठरवता, नाहीतर सॉफ्टवेअर परस्पर ठरवून टाकतं. बहुतेक प्रकल्पांच्या वहीत हे दुसरंच झालेलं असतं. चित्र छान, पण कशाचं ते विचारलं की मुलं गप्प.

म्हणून या लेखात बटणं तर सांगतोच, पण प्रत्येक बटणामागे आपण काय गृहीत धरतोय तेही सांगतो. लेख आहे बीएस्सी-एमएस्सीच्या मुलांसाठी, त्यातही यवतमाळ, वर्धा, चंद्रपूरकडच्या तालुक्याच्या कॉलेजांतल्या मुलांसाठी, जिथे प्रयोगशाळेत ब्युरेट ढीगभर असतात आणि ग्राफिक्स कार्ड एकही नसतं.

कोणता रेणू घ्यायचा

शिकायला हिमोग्लोबिन किंवा लायसोझाइम घेतात. काही बिघडत नाही, पण मी अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज घ्यायला सांगतो. पऱ्हाटीवर मारायची प्रोफेनोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट औषधं ज्या एन्झाइमवर घाला घालतात तेच हे. बोंडअळीच्या शरीरात असतं तसंच पंप पाठीवर घेतलेल्या माणसाच्या शरीरातही असतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं बसली ते इथल्या वाचकाला सांगायला नको.

या एन्झाइमचं काम साधं आहे. मज्जातंतू स्नायूला निरोप देतो तो अ‍ॅसिटिलकोलिन सोडून. निरोप पोचला की ते लगेच तोडायचं, म्हणजे स्नायू पुढच्या निरोपाला मोकळा होतो. एन्झाइम बंद पडलं की अ‍ॅसिटिलकोलिन साचत जातं. लाळ, घाम, डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या, थरथर आणि शेवटी श्वास अडकणं ही लक्षणं त्यातूनच येतात.

दुसरं कारण शुद्ध भूमितीचं. १९९१ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या सुसमन, हॅरेल, सिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टॉर्पेडो या विजेचा झटका देणाऱ्या माशातल्या अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेजची रचना प्रसिद्ध केली. तोडफोडीची जागा पृष्ठभागावर नव्हतीच. ती होती सुमारे २० अँगस्ट्रॉम खोल, अरुंद दरीच्या तळाशी, आणि दरीच्या भिंतींना बव्हंशी सुगंधी (अ‍ॅरोमॅटिक, म्हणजे सपाट कड्यांच्या) वलयांची अमिनो आम्लं. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग. पृष्ठभाग काढण्यात गफलत झाली तर ही दरीच चित्रातून गायब होते. शिकायला असा रेणू बरा, कारण चूक लपत नाही.

आपण माणसाच्या एन्झाइमची रचना घेऊ. प्रोटीन डेटा बँकेत (पीडीबी, प्रथिनांच्या रचनांचा खुला संग्रह) तिचा कोड ४ईवाय७ आहे. त्यात दरीमध्ये डोनेपेझिल नावाचा रेणू बसलेला आहे. हे कीटकनाशक नव्हे, स्मृतिभ्रंशावर दिलं जाणारं औषध आहे. आपल्याला त्याचा उपयोग एवढाच, की ते दरीच्या तोंडापासून तळाजवळपर्यंत पसरलेलं आहे, त्यामुळे वाट कुठून कुठे जाते ते आयतं दिसतं. हीच रचना रिकाम्या दरीसह हवी असेल तर ४ईवाय४ घ्या.

संगणक, नेट आणि लाईन

आधी काहीही उतरवून घेऊ नका. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये प्रोटीन डेटा बँकेच्या संकेतस्थळावर कोड टाका आणि त्रिमिती दृश्य उघडा. तिथे मोल-स्टार नावाचा दर्शक चालतो. उजवीकडच्या घटकांच्या यादीत पॉलिमरपुढे नवं रूप जोडायची सोय असते, त्यात मॉलिक्युलर सरफेस निवडा. स्वस्तातल्या फोनवरही जमतं, थोडं अडखळत. पहिली ओळख व्हायला पुरे.

खरं काम लॅपटॉपवर. मी किमेरा-एक्स वापरतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेत ते तयार होतं आणि शैक्षणिक वापराला फुकट आहे. उतरवायला काही शे एमबी लागतात, तेवढं कॉलेजच्या नेटवर किंवा रात्री करा आणि फाइल पेनड्राइव्हवर ठेवा म्हणजे बाकीच्यांना परत उतरवावी लागणार नाही. चार जीबी मेमरीच्या यंत्रावर कुरकुरत चालतं, आठ जीबीवर बऱ्यापैकी. ओपन-जीएलची आवृत्ती ३.३ च्या खाली असलेल्या फार जुन्या यंत्रावर मात्र उघडणारच नाही. तेव्हा पायमॉलची मुक्त आवृत्ती किंवा व्हीएमडी बघा. खालचे सगळे विचार तिथेही लागू आहेत, फक्त शब्द बदलतात.

कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत टंकायच्या आहेत. इथे मी त्या उच्चाराप्रमाणे लिहितोय. आणि दर मोठ्या पायरीनंतर सेशन सेव्ह करायची सवय आत्ताच लावून घ्या. लाईन कधी जाईल त्याचा नेम नाही, आणि एप्रिल-मे मध्ये पंखा नसलेल्या खोलीत लॅपटॉप तापून आपोआप बंद पडतो ते वेगळंच.

आधी झाडलोट

किमेरा-एक्सच्या खालच्या पट्टीत 'ओपन' लिहून पुढे कोड द्या. रिबिनीसारखी रचना दिसेल. आता हात न लावता वाचा. उजवीकडच्या लॉगमध्ये साखळ्या आणि त्यात बसलेले इतर रेणू यांची यादी येते. साखळी ए आणि बी, दोन्हीत तेच एन्झाइम. प्रत्येकीत सुमारे साडेपाचशे अमिनो आम्लं. शिवाय स्फटिकात सापडलेले पाण्याचे रेणू, प्रथिनाला चिकटलेल्या शर्करा, आणि डोनेपेझिल, ज्याचं इथलं लघुनाम ई२०.

पाणी काढा: 'डिलीट सॉल्व्हंट'. हे काढलं नाही आणि पृष्ठभागात सगळे अणू घ्यायला सांगितले, तर प्रथिनाला देवी आल्यासारखे फोड दिसतात. किमेरा-एक्स स्वतःहून पाणी आणि छोटे रेणू पृष्ठभागाबाहेर ठेवतो, पण सगळी सॉफ्टवेअर तसं करत नाहीत, आणि पुढे क्षेत्रफळ मोजताना पाणी आकड्यात घुसतंच.

साखळी बीचं काय करायचं, इथे थांबून विचार करा. 'डिलीट', तिरकी रेघ आणि बी, एवढ्यात ती जाते आणि यंत्र हलकं होतं. दरी बघायची असेल तर खुशाल काढा, प्रत्येक साखळीला आपली स्वतंत्र दरी आहे. पण जिथे दोन साखळ्या एकमेकींना टेकलेल्या होत्या तो भाग आता उघडा पडला. शरीरात तो पाण्याला लागलेला नसतो. पुढे तुम्ही पाणी नावडणाऱ्या भागांचा नकाशा काढाल तेव्हा तिथे एखादा ठिगळासारखा पट्टा दिसेल आणि कोणीतरी हमखास म्हणेल, सर, इथे नवं औषध बसेल. नाही बसणार, तिथे बी बसलेली होती.

शर्करा ठेवायच्या की काढायच्या याला एकच उत्तर नाही. त्या खऱ्या आहेत, कोणी चिकटवलेल्या नाहीत. पण स्फटिकात त्यांचा मुळाजवळचा तुकडाच दिसतो, पुढची शेपटी हलती असल्यानं दिसत नाही. मी दरीच्या चित्रात त्या काढतो आणि चित्राखाली तसं लिहितो.

आणखी एक तपासणी, जी जवळपास कोणीच करत नाही. जुन्या पीडीबी साच्यातली फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि 'रिमार्क ४६५' शोधा. प्रयोगात न दिसलेली अमिनो आम्लं तिथे नोंदवलेली असतात. किमेरा-एक्समध्ये हीच तूट तुटक रेषेनं दाखवली जाते. ज्या जागी अमिनो आम्लं नाहीत तिथे पृष्ठभाग आतल्या भिंतीला जाऊन चिकटतो आणि खड्डा दिसतो. तो खड्डा निसर्गाचा नाही, माहितीच्या अभावाचा आहे. 'रिमार्क ४७०' मध्ये अर्धवट दिसलेल्या अमिनो आम्लांची यादी असते, तीही बघून घ्या.

हायड्रोजन अणू या फाइलमध्ये नसतात. ही रचना २.३५ अँगस्ट्रॉम विभेदनाची (म्हणजे एवढ्याच बारकाव्यापर्यंतची) आहे, एवढ्यात क्ष-किरणांना हायड्रोजन दिसत नाहीत. नुसता आकार बघायचा तर चालतं, कारण सॉफ्टवेअर जड अणूंची त्रिज्या थोडी वाढवून त्यांची भरपाई करतं. विद्युत्‌भाराचा नकाशा काढायचा असेल तर 'अ‍ॅड-एच' ही कमांड द्या.

पृष्ठभाग तीन तऱ्हेचा

आता मुद्द्याचं. अणूला कडा नसते, इलेक्ट्रॉनचा ढग विरळ होत जातो. तरी चित्र काढायचं तर कुठेतरी रेघ ओढावी लागते. बोंडी यांनी १९६४ साली मांडलेल्या त्रिज्या आजही वापरात आहेत: कार्बन १.७०, नायट्रोजन १.५५, ऑक्सिजन १.५२, गंधक १.८० अँगस्ट्रॉम. या त्रिज्यांचे गोळे एकमेकांत घुसवून ठेवले की झाला व्हॅन डर वाल्स पृष्ठभाग. प्रामाणिक आहे, पण त्यात अणूंच्या मधल्या असंख्य बारीक फटी दिसतात, जिथे पाण्याचा एकही रेणू कधी पोचणार नाही.

ली आणि रिचर्ड्‌स यांनी १९७१ मध्ये वेगळा प्रश्न विचारला: पाण्याच्या रेणूला या प्रथिनाचा किती भाग स्पर्श करता येतो? पाणी म्हणजे १.४ अँगस्ट्रॉम त्रिज्येचा एक गोळा धरायचा आणि तो प्रथिनावरून लोळवायचा. गोळ्याचा केंद्रबिंदू जिथून जिथून जातो तो झाला विलायक-सुलभ पृष्ठभाग (विलायक म्हणजे इथे पाणी). क्षेत्रफळ मोजायला हाच वापरतात. दिसायला मात्र तो फुगलेला असतो, कारण सगळीकडे १.४ अँगस्ट्रॉम बाहेर सरकलेला.

तिसरा पृष्ठभाग चित्रांत सगळ्यात जास्त दिसतो. गोळ्याचा केंद्रबिंदू सोडा, गोळ्याची आतली कड कुठे टेकते ते बघा. जिथे अणूला टेकते तिथे अणूचाच पृष्ठभाग, आणि जिथे दोन-तीन अणूंच्या मध्ये गोळा अडकून राहतो तिथे गोळ्याची कड हाच पृष्ठभाग, आत वळलेला. रिचर्ड्‌स यांनी १९७७ मध्ये ही कल्पना मांडली आणि कॉनोली यांनी १९८३ मध्ये ती गणितानं नेमकी काढून दाखवली. म्हणून जुने लोक अजून याला कॉनोली पृष्ठभाग म्हणतात.

गोळ्याचा आकार का महत्त्वाचा, हे आपल्याकडच्या काळ्या मातीवरून लगेच समजेल. उन्हाळ्यात वावराला हातभर खोल भेगा पडतात. त्यावरून बैलगाडीचं चाक गेलं तर भेग आहे हे चाकाला कळतही नाही. मुंगी मात्र आत उतरून जाते. वावर तेच. चाकाला विचारलं तर सपाट, मुंगीला विचारलं तर दऱ्याखोऱ्यांचं.

हे करूनच बघा. 'सरफेस' एवढीच कमांड द्या, १.४ चा पृष्ठभाग येईल. मग तीच कमांड 'प्रोब-रेडियस ३' जोडून द्या. दरीचं तोंड बुजायला लागेल, कारण मधला अरुंद भाग एवढ्या मोठ्या गोळ्याला पार होत नाही. आता 'प्रोब-रेडियस १' द्या. जिथे तिथे छिद्रं दिसायला लागतील, त्यातली बरीच निरुपयोगी. तिन्ही चित्रं एकाच फाइलमधून निघाली. वहीत तिन्ही शेजारी चिकटवा आणि खाली त्रिज्या लिहा. मार्गदर्शक शिक्षक रागावणार नाहीत, उलट तोंडी परीक्षेत यावरच दोन प्रश्न विचारतील.

दुसरा आकडा म्हणजे जाळीचं अंतर, 'ग्रिड-स्पेसिंग'. किमेरा-एक्स अवकाशाचे बारीक घनाकार तुकडे पाडून त्यावरून त्रिकोणांची जाळी विणतो. तुकडे अर्ध्या अंतरावर आणले की त्यांची संख्या आठपट होते. म्हणून ०.५ वरून एकदम ०.१ वर उडी मारू नका, चार जीबीचं यंत्र तिथेच बसेल. हाताळताना १ ठेवा आणि शेवटच्या चित्रापुरतं ०.४ किंवा ०.३ करा.

एक मोहाची जागा सांगून ठेवतो. 'सरफेस' पुढे 'रेझोल्यूशन ८' लिहिलं की मऊ, मेणासारखा गोळा मिळतो. पोस्टरवर सुरेख दिसतो, आणि रायबोसोमसारख्या अवाढव्य रचनेला तोच योग्य. पण आपली दरी त्यात नाहीशी होते. दरी दाखवायला निघालेल्या माणसानं तो वापरू नये.

दरीत उतरायचं कसं

१.४ चा पृष्ठभाग परत आणा. दरीचं तोंड शोधायला उगाच गरगर फिरवत बसू नका. 'ट्रान्सपरन्सी ६०' द्या, पृष्ठभाग काचेसारखा होईल आणि आतलं डोनेपेझिल दिसेल. रेणू असा फिरवा की डोनेपेझिलची लांब बाजू तुमच्याकडे रोखलेली असेल. आता पारदर्शकता शून्य करा. समोर जे छिद्र दिसतं तेच तोंड. बघा, किती लहान आहे. एवढ्या मोठ्या प्रथिनात एवढंसं भोक, आणि सेकंदाला हजारो रेणू त्यातून आत जाऊन तुटून बाहेर येतात.

मग रेणू नव्वद अंश आडवा करा आणि कापा. वरच्या पट्टीत राइट माउस नावाचा भाग आहे, त्यातलं क्लिपचं चिन्ह दाबा आणि उजवं बटण दाबून माउस हळूच ओढा. पुढचं पातं आत सरकत जाईल आणि कापलेल्या जागी सपाट झाकण दिसेल. डोनेपेझिल पूर्ण उघडं पडेपर्यंत ओढा. इथे घाई करू नका, अर्ध्या अँगस्ट्रॉमचा फरक पडतो. पातं थोडं जास्त गेलं की दरीची एक भिंतच निघून जाते आणि दरी आहे त्यापेक्षा रुंद भासते. बरोबर कापलं असेल तर डोनेपेझिलच्या दोन्ही बाजूंना भिंत दिसते आणि मध्ये एके ठिकाणी दरी आवळलेली दिसते.

आता खुणा करा. दरीच्या तोंडाशी ट्रिप्टोफॅन २८६, आवळलेल्या भागात टायरोसिन १२४, तळाजवळ ट्रिप्टोफॅन ८६, आणि तळाशी सेरिन २०३. कोलन आणि आकडा लिहून निवडा, काड्यांच्या रूपात दाखवा, सेरिनला ठळक नारिंगी रंग द्या. डोनेपेझिलचं एक टोक २८६ च्या वलयाशी आणि दुसरं ८६ च्या वलयाशी थर लावून बसलेलं दिसेल. सेरिनला ते रासायनिक बंधानं जोडलेलं नाही, नुसती वाट अडवून बसलंय.

ऑर्गॅनोफॉस्फेटचं वागणं वेगळं. त्यातला फॉस्फरस थेट सेरिन २०३ च्या ऑक्सिजनला पकडतो, पक्का सहसंयुज बंध तयार होतो आणि एन्झाइम ठप्प होतं. काही वेळानं त्या जोडणीत आणखी एक बदल होतो, त्यानंतर ती प्रॅलिडॉक्सिमसारख्या उताऱ्यालाही दाद देत नाही. फवारणीनंतर चक्कर, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी असं काही झालं तर उद्या बघू म्हणून घरी थांबायचं नाही, औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठायचा, यामागचं रसायनशास्त्र त्या नारिंगी अणूजवळ आहे.

इथे चित्राची मर्यादाही दिसते. स्फटिकातल्या रचनांत दरीचा आवळलेला भाग इतका अरुंद आहे की खुद्द अ‍ॅसिटिलकोलिनचं डोकं त्यातून जाऊ नये. तरी ते जातं. कारण प्रथिन सतत हलत असतं, भिंती क्षणभर मागे सरतात आणि वाट उघडते. संगणकावरच्या रेणू-गतिकीच्या, म्हणजे अणूंची हालचाल क्षणाक्षणाला मोजणाऱ्या, अभ्यासांत हे उघडणं-मिटणं दिसलेलं आहे. तेव्हा 'भोक लहान, रेणू मोठा, म्हणून जात नाही' असा निष्कर्ष एका स्थिर पृष्ठभागावरून कधीच काढू नका.

रंगांची भाषा

आकार झाला, आता त्यावर गुण चढवायचे. 'कुलॉम्बिक' ही कमांड दिली की पृष्ठभाग लाल, पांढरा, निळा होतो. लाल म्हणजे ऋण विभव, निळा म्हणजे धन. कीटकनाशकाच्या बाटलीवरच्या चौकोनातही लाल आणि निळा असतो, त्याचा इथे काही संबंध नाही. तिथे लाल म्हणजे सर्वांत विषारी. हे सांगावं लागतं, कारण गावात चित्र दाखवलं की पहिला प्रश्न तोच येतो.

आपल्या एन्झाइमच्या दरीकडे लाल छटा दाट दिसेल. अ‍ॅसिटिलकोलिनवर धन भार असतो, त्यामुळे ऋण विभवाची ही बाजू त्याला ओढून घ्यायला मदत करते. मात्र रंग किती गडद हे पट्टीवर अवलंबून. किमेरा-एक्स उणे १० ते अधिक १० अशी पट्टी घेतो, एकक किलोकॅलरी प्रति मोल प्रति भार. तीच उणे ३ ते अधिक ३ केली तर फिकट गुलाबीही रक्तासारखं दिसतं. दोन प्रथिनांची तुलना करताना पट्टी एकच ठेवा आणि रंगपट्टी चित्रात दाखवा. ज्या चित्रात पट्टी नाही त्यावर विश्वास ठेवू नये, मग ते कितीही मोठ्या नियतकालिकातलं असो.

'कुलॉम्बिक' हा झटपट हिशेब आहे. पाणी आणि त्यातले क्षार यांचा तो नीट विचार करत नाही. नीट हिशेब हवा तर पॉइसन-बोल्ट्‌झमन समीकरण सोडवणारं एपीबीएस वापरा. आधी पीडीबी-टू-पीक्यूआर या साधनानं दिलेल्या सामूला कोणत्या अमिनो आम्लावर किती भार ते ठरवून घ्यायचं, मग एपीबीएसला द्यायचं. दोन्ही त्यांच्या संकेतस्थळावरून चालतात, यंत्रावर भार येत नाही. सामूचा आकडा डोळे झाकून ७ ठेवू नका. बीटी कापसातलं क्राय प्रथिन अळीच्या मधल्या आतड्यात काम करतं आणि तिथलं वातावरण चांगलंच अल्कधर्मी असतं. तिथे ७ चा नकाशा काढून उपयोग नाही.

पाणी आवडणारे-नावडणारे भाग बघायला 'एमएलपी' आहे. सोनेरी भाग तेलकट, निळसर-हिरवा भाग पाण्याचा. दरीच्या आत सोनेरी छटा दिसेल, ती त्या सुगंधी वलयांची.

आकडे काढून घ्या

चित्रासोबत एखादा आकडा असला की प्रकल्पाला वजन येतं. 'मेझर सासा प्रोटीन' दिलं की विलायक-सुलभ क्षेत्रफळ लॉगमध्ये येतं. एका साखळीसाठी ते ढोबळमानानं पंधरा ते पंचवीस हजार चौरस अँगस्ट्रॉममध्ये असायला हवं. चाळीस हजार आलं तर बी साखळी काढायची राहिली असं समजा. ही मोजणी श्रेक आणि रुप्ली यांच्या १९७३ च्या युक्तीनं हातानंही समजून घेता येते: प्रत्येक अणूच्या फुगवलेल्या गोळ्यावर समान अंतरानं ठिपके मांडायचे, शेजारच्या अणूच्या गोळ्यात बुडालेले ठिपके खोडायचे, उरलेल्यांचं प्रमाण घ्यायचं. पायथनमध्ये पन्नासेक ओळींत बसतं आणि ग्राफिक्स कार्ड अजिबात लागत नाही. ज्याला प्रोग्रामिंगची आवड आहे त्यानं हे स्वतः लिहून किमेरा-एक्सच्या आकड्याशी ताडून बघावं. आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, कारण त्रिज्या आणि ठिपक्यांची संख्या वेगळी असते, पण जवळपास यायला हवेत.

'मेझर बरीड-एरिया' मध्ये एकीकडे प्रथिन आणि दुसरीकडे कोलन ई२० दिलं की डोनेपेझिल बसल्यानं किती क्षेत्रफळ झाकलं गेलं ते कळतं. एवढ्यावरून औषध किती घट्ट बसतं हे मात्र ठरत नाही.

दरीचं आकारमान मोजायचं असेल तर कास्टपीचं संकेतस्थळ किंवा एफपॉकेट वापरा. खोल पण वर उघड्या दरीला झाकण कुठे मानायचं हे प्रत्येक साधन आपापल्या परीनं ठरवतं, त्यामुळे दोन साधनांचे आकडे एकाच तक्त्यात टाकू नका.

बोंडअळीच्या प्रथिनाची रचनाच नसेल तर

तुम्हाला माणसाऐवजी किडीच्या प्रथिनात रस असेल, आणि आपल्या भागात तो असायलाच हवा, तर प्रयोगातून काढलेली रचना बहुधा मिळणार नाही. तिथे २०२१ पासून खुला असलेला अल्फाफोल्डचा, म्हणजे संगणकानं भाकीत केलेल्या रचनांचा, संग्रह बघा. पण पृष्ठभाग काढण्याआधी विश्वासाच्या गुणांनुसार (भाकीत कुठे किती भरवशाचं ते सांगणारे आकडे) रंग द्या. ७० च्या खालचे भाग जपून घ्या, आणि ५० च्या खालचे भाग सुटलेल्या दोऱ्यासारखे लोंबत असतात, ते सरळ काढून टाका. ते ठेवून पृष्ठभाग काढला तर प्रथिनाभोवती कुठेच नसलेल्या कमानी आणि बोगदे तयार होतात. शिवाय या रचनेत पाणी, शर्करा, जोडीदार साखळी, आत बसलेला रेणू यातलं काहीच नसतं. बीटीच्या क्राय१एसी प्रथिनाची मात्र प्रयोगातून काढलेली रचना आहे, कोड ४एआरएक्स. त्याच्या तीन भागांचा पृष्ठभाग वेगवेगळ्या रंगांत काढणं हा चांगला सराव आहे.

चित्र बाहेर काढताना

पार्श्वभूमी पांढरी करा. काळी पडद्यावर झोकात दिसते, पण झेरॉक्सच्या दुकानात छापली की शाई फासल्यासारखी होते. प्रकाशयोजनेत 'लाइटिंग सॉफ्ट' घ्या, त्यानं खोलगट भाग आपोआप सावलीत जातात आणि दरी उठून दिसते. 'लाइटिंग फुल' साध्या यंत्राला झेपत नाही, लावायचंच तर आधी सेशन सेव्ह करून. 'सेव्ह' कमांडमध्ये रुंदी २४०० आणि 'सुपरसॅम्पल ३' द्या, कडा तुटक दिसणार नाहीत. पडद्याचा फोटो मोबाइलनं काढून तो अहवालात चिकटवणं बंद करा.

चित्राखाली एवढं लिहा: रचनेचा कोड, कोणती साखळी, काय काय काढून टाकलं, गोळ्याची त्रिज्या, जाळीचं अंतर, रंगाची पट्टी आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती. त्रिमिती छपाई करायची असेल तर पृष्ठभाग एसटीएल साच्यात बाहेर काढता येतो. कापलेला नमुना हवा असेल तर दोन अर्धे वेगवेगळे छापायला सांगा, नाहीतर दरी आतच बंद होऊन जाते आणि हातात येतो नुसता बटाटा. पोस्टर असेल तर दुकानदाराकडून आधी ए४ वर एक नमुना काढून घ्या. छपाईत निळा बऱ्याचदा जांभळ्याकडे झुकतो, तसं झालं तर रंगपट्टीही त्याच कागदावर छापलेली आहे ना ते बघूनच मोठ्या प्रतीला हो म्हणा.